फायलीतली पोरं

रविवारची संध्याकाळ, वाकडेवाडीचं एसटी स्टँड, नगरच्या गाडीला काय गर्दी असते ते सांगायला नको. मी पिशवी पोटाशी धरून उभी होते आणि मागून आवाज आला, "बाई, सलाम." पुण्यात मला कुणी सलाम घालत नाही, हा आमच्या नगरच्या देवळातला, म्हणजे चर्चमधला सलाम, त्यामुळं मान आपोआप वळली. समोर चांगला दाढी राखलेला पोरगा, पाठीला सॅक, कानात ब्लूटूथ. "वळखलं का?" नाही ओळखलं. मग त्यानं उजवी भुवई वर करून दाखवली, तिथला टाक्यांचा व्रण दिसला आणि एकदम सगळं आठवलं, आमच्या चर्चच्या सेंटरच्या हौदावरून पडला होता तो, मीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. आता सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, लग्न झालंय, बायको बाळंतपणाला पिंपरीला माहेरी आलीये, मुलगा झाला. मोबाईलवर बाळाचे इतके फोटो दाखवले की माझी गाडी लागलेली मला कळलीच नाही, त्यानंच धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला आणि जागा धरली. आणि मी चढायच्या आधी, अगदी पायरीवर पाय ठेवताना, म्हणाला, "बाई, आमच्या फायली कुठंयत हो?"

कसल्या फायली, असं मी विचारलं. "सेंटरच्या. दरवर्षी उंची-वजन करून फोटो नव्हते का काढत आपले? सासूबाई म्हणत्यात, पोरगं कुणावर गेलंय बघू द्या, तुमचा लहानपणीचा फोटो आणा. आता आमच्या घरात कुठला आलाय फोटो. आईला म्हणलं तर ती म्हणली, तुझे फोटो सगळे सेंटरवाल्यांकडं."

कंडक्टरनं बेल मारली आणि विषय तिथंच राहिला. पण शिक्रापूर गेलं, रांजणगाव गेलं, शिरूरला गाडी चहाला थांबली तरी माझ्या डोक्यात त्या फायलीच होत्या. पिवळ्या पुठ्ठ्याच्या, नाडी बांधायच्या फायली, वर मार्करनं आधी नंबर आणि खाली बारीक अक्षरात नाव. आत प्रवेशाचा फॉर्म, जन्मदाखल्याची झेरॉक्स, घराची माहिती म्हणजे पत्रा की स्लॅब, पाणी नळाचं की टँकरचं, शेळ्या किती, बाप काय करतो, पितो का. मग वजनाचा तक्ता, जंताच्या गोळ्यांच्या तारखा, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन, शाळेचे मार्क, पत्रांच्या कॉप्या आणि प्रत्येक वर्षाचा एक पूर्ण उंचीचा फोटो. आईला पोराचा जन्म कधीचा विचारला तर ती सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी, त्या साली पाऊस नव्हता. फाईलमध्ये मात्र तारीख, महिना, वर्ष असायचं. त्या वस्तीतल्या कुठल्याही घरापेक्षा त्या कपाटाला त्या पोरांबद्दल जास्त माहिती होती, आणि त्यातलं पोरांच्या हातात काही नव्हतं.

सेंटर म्हणजे चर्चच्या मागचा हॉल. मी तेव्हा बीएड करत होते आणि संध्याकाळी तिथं इंग्रजी-गणित शिकवायला जायचे, थोडं मानधन मिळायचं. वर पत्रा, त्यामुळं मार्चनंतर दुपारी आत बसणं म्हणजे शिक्षाच. फिनेलचा वास, ओल्या चपलांचा वास आणि पाच वाजले की त्या सगळ्यावर चढणारा खिचडीचा वास. खिचडी करणारी मावशी महिला मंडळातली होती. ती पातेल्यावर झाकण ठेवायच्या आधी हात जोडायची आणि झाकण ठेवल्यावर कुणाच्या तरी नावानं ओरडायची, हे दोन्ही एका दमात. शाळा सुटली की पोरं यायची, हातपाय धुवायचे, एक गीत, एक प्रार्थना, मग अभ्यास, मग खाणं. शनिवारी अंडं. महिन्याला साबण, टूथपेस्ट, वह्या. नाताळला काहीतरी मोठं, कधी घोंगडी, कधी स्टीलचा डबा. मोठ्या पोरांना एमएससीआयटीची फी, पोरींना शिवणक्लास, आयांची पालकसभा आणि बचत गट. पैसे परदेशातून यायचे, एका पोरामागं तिकडं एक माणूस, तो दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचा आणि त्याला त्याच्या पोराचा फोटो आणि पत्र जायचं. स्पॉन्सर. आमच्याकडं आज्ज्यासुद्धा हा शब्द सहज वापरायच्या, "आमच्या पोरीला अजून स्पॉन्सर लागला न्हाई," जसं स्थळ लागलं नाही म्हणतात तसं.

फोटोचा दिवस हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, नाताळच्या खालोखाल. आदल्या दिवशी सूचना: आंघोळ, तेल, भांग, नखं. तरी निम्मी पोरं शाळेच्या मळक्या शर्टात यायची कारण दुसरा शर्ट नसायचा, किंवा असायचा तो वाळत असायचा. म्हणून सेंटरच्या कपाटात एक निळा शर्ट ठेवलेला होता. बाह्या अर्ध्या, कॉलर कडक, खिशावर काहीतरी नक्षी. ज्याचा शर्ट फाटका त्यानं तो घालायचा, भिंतीला टेकून उभं राहायचं, हसायचं, क्लिक, शर्ट काढून पुढच्याला द्यायचा. मोठ्याला आखूड व्हायचा, बारक्याला गुडघ्यापर्यंत यायचा, मग मावशी मागून टाचण्या लावायची. फोटोत टाचण्या दिसत नाहीत. तिकडं कुठंतरी अमेरिकेत, कोरियात, ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या फ्रिजांवर लावलेली वेगवेगळी पोरं, आणि सगळ्यांच्या अंगात आमचा तो एकच निळा शर्ट. तेव्हा आम्हाला याचं हसू यायचं, खोटं कशाला बोलू. त्यात फसवणूक आहे असं मला अजूनही वाटत नाही. लग्नाला जाताना शेजारणीचं मंगळसूत्र मागून घातलेल्या बायका मी पाहिल्यात, फोटोत चांगलं दिसावं एवढा हक्क गरिबालापण आहे. फक्त एकदा एका पोरानं विचारलं, "बाई, हा फोटो आम्हाला मिळंल का?" आणि आमचे समन्वयक म्हणाले, प्रिंटचा खर्च बजेटात एकाचाच धरलेला आहे.

पत्रांचं प्रकरण आणखी वेगळं. पत्रासाठी नियम होते: काही मागायचं नाही, पत्ता द्यायचा नाही, घरातली भांडणं लिहायची नाहीत. आता नगरच्या बाजूच्या वस्तीतलं सातवीतलं पोर, त्यातून मागणं, पत्ता आणि भांडणं काढून घेतली तर उरतं काय? हवामान. म्हणून सगळी पत्रं हवामानापासून सुरू व्हायची. इथं ऊन आहे, पाऊस नाही. मग आवडता विषय, आवडता खेळ, आणि खाली चित्र. चित्रात घर, डोंगर, डोंगरामधून सूर्य, नदी, नदीत बदक. नगरला नदी म्हणजे सीना, तिच्यात बदक सोडा, वर्षातले कित्येक महिने पाणी दिसत नाही. पण पोरांच्या वहीतली नदी कायम भरलेली. तिकडून उत्तरं यायची, स्टिकर लावलेली, कधी बर्फातले फोटो. एकदा एका पोरीला तिच्या स्पॉन्सरबाईनं आपल्या कुत्र्याचा फोटो पाठवला, कुत्रं सोफ्यावर झोपलेलं, अंगावर शाल. ती पोरगी तो फोटो घेऊन सगळ्या वस्तीत फिरली. तिच्या आजीनं डोळ्याजवळ धरून बघितला आणि एवढंच विचारलं, "हे आजारी हाय का?"

ज्यांना पत्रं यायची नाहीत त्यांचे चेहरे मात्र मला विसरता येत नाहीत. पैसे नियमित यायचे, फी भरली जायची, अंडं मिळायचं, काही कमी नाही. पण पत्रवाटपाच्या शनिवारी नंबर पुकारले जायचे आणि काही पोरं आपला नंबर येणार नाही हे माहीत असूनही पुढंच बसायची. हा भुवईवाला त्यातलाच. त्यानं दरवेळी न चुकता पत्र लिहिलं, आपल्या शेळीबद्दल. शेळी विकली गेल्यावरही तो तिच्याबद्दल लिहीत राहिला, कारण म्हणाला, आता तिकडं त्यांना शेळी माहीत झालीये, मधेच बंद केली तर विचारतील.

कुणी विचारलं नाही.

मला कुणी विचारलं की हे सगळं चांगलं होतं का, तर मी हो म्हणते आणि मग थोडा वेळ गप्प बसते. त्या खिचडीनं पोरं वाढलीत, वजनाच्या तक्त्यावर ते दिसायचं. दहावीला नापास होऊन गवंड्याच्या हाताखाली जाणारी पोरं पुन्हा फॉर्म भरून पास झालीत. पण उपकार घेताना चेहरा कसा ठेवायचा हेही ती पोरं तिथंच शिकली. पाहुणे आले की रांगेत उभं राहून टाळ्या वाजवत स्वागतगीत, मग एकाचं भाषण, "मी या प्रोजेक्टचा आभारी आहे." तेच पोर बाहेर गोट्या खेळताना आभारी-बिभारी काही नसायचं, चक्क शिव्या द्यायचं, आणि मला ते शिव्या देणारं पोर जास्त निरोगी वाटायचं.

नगर-पुणे रेल्वेनं गेलं की दौंडच्या अलीकडं-पलीकडं केडगाव लागतं. नगरच्या शेजारचं केडगाव वेगळं, हे पंडिता रमाबाईंचं, मुक्ती मिशनवालं. 1897 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी पोरी गोळा करून आणल्या, 1900 मध्ये गुजरातेतून आणल्या, आणि त्यांना नुसतं जेवायला घातलं नाही, विणकाम, शेती, छापखाना असं सगळं शिकवलं. रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्या बायका-पोरींनीच खिळे जुळवून छापलं, ते काम संपत आलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. हे आम्हाला संडे स्कूलमध्ये सांगायचे. त्याच दुष्काळात न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेराल्ड' नावाच्या साप्ताहिकानं वाचकांकडून वर्गणी गोळा केली आणि 1900 साली 'क्विटो' नावाची मका भरलेली अख्खी बोट मुंबईला पाठवली. वर्गणी गोळा कशी झाली? फोटो छापून. हाडं दिसणारी पोरं, बरगड्या, मोठे डोळे. त्यात कुणाचं नाव नाही. तो फोटो बघून तिकडच्या एखाद्या बाईनं डॉलर पाठवला आणि त्या डॉलरची मका इथं कुणाच्या तरी पोटात गेली. म्हणजे फोटो पाठवून पोरं जगवायची ही पद्धत आमच्या सेंटरनं शोधलेली नाही, ती शंभर वर्षं जुनी आहे, आम्ही फक्त हसायला लावलं आणि निळा शर्ट घातला.

माझी पणजी त्याच दुष्काळातली. कुठल्या गावची ते तिला सांगता आलं नाही, मिशनवाल्यांनी दात बघून वय लिहिलं असं आजी सांगायची. आजी स्वतः नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात वाढली. पहाटे घंटा, घंटेला जात्यावर बसायचं, प्रत्येकीला ज्वारीचं माप ठरलेलं, मग प्रार्थना, मग शाळा. मडमसाहेब चुकलेल्या शिलाईवर बोट ठेवून काही न बोलता निघून जायची, त्याची भीती आजीला ऐंशीव्या वर्षीही वाटायची. आणि तरीही बोर्डिंगची आठवण काढताना तिचा आवाज माहेरची आठवण काढल्यासारखा व्हायचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तिला शेकडो पाठ, पेटीशिवाय म्हणायची, सूर अगदी जागेवर. नगरात मिशनच्या शाळांचं कौतुक दर 3 जानेवारीला भाषणात होतं, सावित्रीबाई इथं मिस फॅरार बाईंकडं शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आल्या होत्या म्हणून. सिंथिया फॅरार 1827 च्या शेवटी मुंबईला उतरल्या, 1839 ला नगरला आल्या आणि 1862 ला इथंच वारल्या. भाषण करणारे एवढं सांगून टाळ्या घेतात. त्या शाळांत आमच्या आज्ज्या-पणज्या जात्यावर बसून शिकल्या, हे भाषणात बसत नाही बहुतेक.

संडे स्कूल म्हटलं की आता लोकांना गोष्टी आणि रंगीत चित्रं आठवतात. मूळची ती कामगार पोरांची शाळा होती. इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनं 1780 मध्ये ती सुरू केली तेव्हा तिथली पोरं आठवड्याचे सहा दिवस कामाला जायची, म्हणून शिकवायला रविवारच उरला. आमच्याकडं तेवढंही नाही, आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की आठवड्याचे सातही दिवस जातात. पाथर्डी, शेवगाव, खाली बीडकडची माणसं कोयता घेऊन कारखान्यावर निघतात आणि पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांवर बसून निघतात, ती परत येणार एप्रिलात. सेंटरचा खरा उपयोग मला विचाराल तर तो इथं होता. "पोराला आजीपाशी ठेवा, संध्याकाळचं खाणं आमच्याकडं, अभ्यास आमच्याकडं," एवढं म्हणायला कुणीतरी लागायचं. मावशी ट्रॉली निघायच्या सकाळी वस्तीवर जायची आणि चक्क भांडायची. एकदा एका पोरीला तिनं ट्रॉलीतून हाताला धरून खाली उतरवलं, आई वरून रडतीये, बाप शिव्या देतोय, ट्रॅक्टर चालू. ती पोरगी पुढं नर्सिंगला गेली. त्या दिवसाचा फोटो कुणी काढला नाही आणि फाईलमध्ये त्याचा कॉलमही नव्हता.

आता धर्मांतराचं. लोक विचारतातच, आडून विचारतात, म्हणून सरळ लिहिते. सेंटरला येणारी सगळी पोरं ख्रिस्ती नव्हती, वस्तीतली होती, त्यात सगळे आले. पण खिचडीबरोबर प्रार्थना होती, गीत होतं, बायबलातलं तेविसावं स्तोत्र पाठ केलं की पेन्सिल मिळायची. एक आई एकदा भांडायलाच आली, "पोरगं घरी जेवायच्या आधी डोळे मिटून बसतंय, काय शिकवताय त्याला?" तिला पाळकसाहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला, पण तिचा प्रश्न बरोबर होता आणि त्याला चहा हे उत्तर नव्हतं. तिनं पोराला काढून घेतलं. परीक्षा जवळ आली तेव्हा पुन्हा पाठवलं, यावेळी अट घालून, "अभ्यास तेवढा घ्या." आम्ही घेतला. प्रार्थनेच्या वेळी ते पोर बाहेर हौदावर बसायचं आणि आत आलं की सगळ्यात आधी ताट घ्यायचं. दुसरी बाजू आमच्याच लोकांची. फॉर्मवर धर्म आणि जात असे दोन रकाने, आणि आमच्याच उपासनेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या बायका हळूच विचारायच्या, "बाई, काय लिहू?" कारण 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 मध्ये शिखांना मिळाल्या, 1990 मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाहीत. वस्ती तीच, भावकी तीच, विहिरीचा इतिहास तोच. मग दाखल्यावर एक, देवळात एक. त्या बाईला मी काय सांगणार? पेन तिच्या हातात ठेवायचं आणि खिडकीबाहेर बघायचं.

पैसे थांबले ते एका दिवसात नाही. 2017 च्या मार्चमध्ये अशाच स्पॉन्सरवर चालणाऱ्या कम्पॅशन या मोठ्या संस्थेनं भारतातलं काम बंद केलं, 1968 पासूनचं, जवळजवळ दीड लाख पोरं होती त्यांच्याकडं. सरकारनं त्यांच्या पैशावर आधी परवानगी घ्यायची अट घातली होती. आमचं सेंटर त्यांचं नव्हतं, तरी त्या दिवशी हॉलमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नाही. मग 2020 मध्ये परकीय देणग्यांचा कायदा बदलला, परदेशी पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात घ्यायचा, आणि एका संस्थेनं दुसरीला तो पुढं द्यायचा नाही. आमच्यासारखी छोटी सेंटरं चालायची ती नेमकी त्या 'पुढं देण्या'वर. हिशोब मागायला माझी काहीच हरकत नाही, उलट काही ठिकाणी जीपा कशाला लागतात आणि पोरांना अंडं का परवडत नाही हा प्रश्न आम्हीच कँटीनमध्ये विचारायचो. पण हिशोब मागणाऱ्यांनी एकदा पाच वाजता हॉलमध्ये येऊन बसायला हवं होतं असं मला वाटतं. त्यात करोना. हॉलला कुलूप लागलं, समन्वयक दुसऱ्या नोकरीला गेले, वजनाचा काटा कुणीतरी भंगारवाल्याला दिला.

तर फायली. नगरला पोचल्यावर मी दुसऱ्याच दिवशी जुन्या समन्वयकांना फोन लावला. ते सज्जन माणूस आहेत, लगेच उचलला. म्हणाले, बंद करताना वरून सूचना होती, पोरांची माहिती भलत्याच्या हातात पडू नये म्हणून कागद नष्ट करायचे, फोटोंसकट. आम्ही मागच्या अंगणात जाळले. दोन दिवस लागले, पुठ्ठे लवकर पेटत नव्हते. मी म्हणलं, पोरांना द्यायचे ना फोटो. ते थोडं थांबून म्हणाले, "तसं सूचनेत नव्हतं." आणि गंमत अशी की सूचना चुकीची म्हणता येत नाही. कुणाचा बाप पितो, कुणाला कसला आजार, हे सगळं त्यात लिहिलेलं, ते बाजारात वडे बांधायला आलं असतं तर? जाळलं ते बरंच केलं. तरी आईच्या ओट्यावर बसून मी कितीतरी वेळ त्या निळ्या शर्टाचाच विचार करत होते, तो पण जाळला का, हे विचारायचं राहिलं.

मग मावशीकडं गेले. ती आता गुडघ्यानं बसते, स्वयंपाक सून करते. तिनं पत्र्याच्या पेटीतून एक पाकीट काढलं, त्यात नाताळच्या नाटकाचा एक ग्रुप फोटो निघाला, कुणीतरी हौशी माणसानं काढून तिला दिलेला. मरिया, योसेफ, देवदूत झालेली पोरगी, पंख पुठ्ठ्याचे, आणि मागं डोक्याला टॉवेल गुंडाळलेले मेंढपाळ, अंगावर सेंटरच्याच घोंगड्या. मी मोबाईलवर फोटो काढून त्या भुवईवाल्याला पाठवला, लिहिलं, मेंढपाळांत बघ. रात्री उत्तर आलं, "बाई यात मी डावीकडून दुसरा." पाच मिनिटांनी दुसरा मेसेज, "का तिसरा?" त्यानं तो फोटो जुन्या पोरांच्या ग्रुपवर टाकला आणि तिथं वेगळंच रान पेटलं, डावीकडून दुसरा आपणच असं म्हणणारे तीन जण निघाले, टॉवेल माझा होता, नाही माझा होता, तुझ्या टॉवेलला लाल काठ होता. सासूबाईंना त्यानं शेवटी कोण दाखवला, मी विचारलं नाही.

हॉल आता उघडलाय. सेंटर म्हणत नाहीत, अभ्यासिका म्हणतात. स्पॉन्सर नाही, नंबर नाही, फाईल नाही, एक हजेरीचं रजिस्टर आहे आणि त्यात खाण्याचा खर्चही लिहितात. खर्च कसा चालतो तर कापणीच्या सणाला लोक जे धान्य-भाजी आणतात त्याचा देवळात लिलाव होतो, त्यातला काही भाग अभ्यासिकेला. यंदा एका दुधीभोपळ्यावर दोन भाऊबंद इरेला पेटले, बोली वाढत वाढत अशी गेली की खजिनदार उभेच राहिले, पाळकसाहेब हसू दाबतायत, आणि शेवटी ज्यानं जिंकला त्यानं तो भोपळा परत लिलावाला दिला. मावशी म्हणाली, असलं वैर पोरांच्या कामाचं आहे. खाणं मात्र रोज नाही, आठवड्यातून तीनदा, आणि अंडं कधीमधी. लाईटबिलावरून कमिटीत भांडण चालू आहे. एक गट म्हणतो हॉल लग्नाला भाड्यानं द्या, पोरं काय देवळात पण बसतील. मी एका मीटिंगला गेले आणि म्हणलं, निदान वर्षाला एक फोटो काढू, दोन प्रिंट, एक पोराच्या घरी. खजिनदार म्हणाले, "बाई, आता पोरं दिवसाला पन्नास फोटो काढतात, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात?" खरंच आहे. ठराव नामंजूर, चहा मंजूर.

पोरांना आता फोटो नकोय, फॉर्म भरून हवाय. अकरावीचं ॲडमिशन 2025 पासून सगळ्या महाराष्ट्राला ऑनलाईन झालं, त्यामुळं जून आला की अभ्यासिकेत रांग लागते. सायबर कॅफेवाला पैसे घेतो आणि कॉलेजांचा पसंतीक्रम आपल्याच मनानं टाकतो, म्हणून पोरं इकडं येतात. मी सुट्टी टाकून बसते. एक लॅपटॉप, माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट, पंखा एका बाजूलाच फिरतो. परवा एक पोरगी सगळं भरून शेवटच्या पानावर अडकली, नंबर बापाचा दिलेला, बाप ट्रक घेऊन सोलापूरच्या पुढं कुठंतरी. ओटीपीला वेळ थोडाच असतो. अख्खी रांग तिच्या मोबाईलभोवती जमा झाली, स्पीकर चालू, मागून ट्रकचं हॉर्न, आणि बाप ओरडतोय, "आलाय, आलाय, मेसेज आलाय, पण चष्मा क्लीनरकडंय, थांब!"